पडवीतील अभयदान : १९४२ची पळापळ आणि आपला किनारा

कोणत्याही संस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हटला, की प्रथम हाती येतात ती सभांची इतिवृत्ते, जमाखर्चाच्या वह्या आणि देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या. त्यांवरून कोणी किती दिले, कोणत्या साली पायाभरणी झाली आणि प्रतिष्ठा कोणाच्या निश्रेत झाली, हे अचूक कळते. ट्रस्ट स्थापन होण्यापूर्वी आपल्या समाजातील अनेक कुटुंबे या किनाऱ्यावर कशी आली आणि त्यांना पहिला आसरा कोणी दिला, याची नोंद मात्र या कागदांत सापडत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी त्यांतील एका प्रकरणाविषयी लिहीत आहे. आपल्या घरांतील वृद्ध मंडळी त्याला 'पळापळ' म्हणतात. १९४२ साली जपानी बॉम्बच्या भीतीने मुंबई सोडून हजारो बायका-मुले गावोगाव गेली, त्यांतील काही आपल्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आली. (या जिल्ह्यास रायगड हे नाव १९८१ साली मिळाले.)

त्या वेळी जी मुले सहा-आठ वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या घरात आहेत. आमचे वडील त्यांपैकी एक होते. ते २०११ साली निवर्तले. त्यांची धाकटी बहीण, आमच्या भुआजी, सुदैवाने आजही आपल्यात आहेत. या दोघांच्या तोंडून लहानपणापासून जे ऐकले आणि घरातील जुन्या वह्यांत जे वाचले, त्याला इतिहासाची जोड देऊन हा लेख सिद्ध केला आहे.

मुंबई का रिकामी होऊ लागली?

दुसरे महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरू झाले. परंतु पहिली दोन वर्षे मुंबईच्या सामान्य माणसास ते महागाईपुरतेच जाणवत होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि चित्र पालटले. २३ डिसेंबरला रंगूनवर बॉम्ब पडले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर आणि ८ मार्च रोजी रंगून जपान्यांच्या हाती गेले. ब्रह्मदेशात स्थायिक झालेले लाखो भारतीय जंगलांतून, डोंगरांतून पायी भारताकडे निघाले आणि त्यांतील हजारो वाटेतच दगावले. रंगूनला आपल्या लोकांच्या पेढ्या होत्या, मंदिर होते. तेथून जीव वाचवून आलेल्यांच्या हकिगती पायधुनी, भुलेश्वर आणि काळबादेवीच्या पेढ्यांवर पोहोचल्या, तेव्हा त्या कोणा परक्याच्या राहिल्या नाहीत.

त्यानंतर एप्रिल उजाडला. ५ एप्रिल रोजी कोलंबोवर आणि ६ एप्रिल रोजी आपल्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टण व काकीनाडा या बंदरांवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. मद्रास सरकारने आपली बरीच कार्यालये शहराबाहेर हलविली. मुंबईतही गोद्या होत्या, गिरण्या होत्या, आरमार होते. मद्रासनंतर मुंबईची पाळी, असे जो तो म्हणू लागला. रस्त्यांवरील दिव्यांना टोपणे बसली, खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटले, इमारतींच्या दारांपुढे आडभिंती व वाळूची पोती उभी राहिली आणि ए.आर.पी.चे स्वयंसेवक रात्री 'दिवा बंद करा' म्हणून ओरडत फिरू लागले. ज्यांचे शहरात काम नाही त्यांनी बाहेर जावे, असे सरकारही सुचवीत होते. खुद्द महात्मा गांधींनीही १९४२च्या आरंभी 'हरिजन'मधून शहरात ज्यांची आवश्यकता नाही त्यांनी खेड्यांकडे वळावे, असा सल्ला दिला होता.

येथे एक तुलना करण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये युद्धाच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच सुमारे पंधरा लाख लोकांना, त्यांत बहुतांश शाळकरी मुलांना, सरकारने आगगाडीत बसवून खेड्यांत पाठविले. मुलांच्या कोटावर नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. ज्या घरांनी ही मुले ठेवून घेतली, त्यांना सरकार भत्ता देत असे. आपल्याकडे तसे काहीच नव्हते. चिठ्ठी नव्हती, भत्ता नव्हता आणि कोणी कोणाकडे जावे हे सांगणारे कार्यालयही नव्हते. १८९६ सालच्या प्लेगात वाडवडील जसे मुंबई सोडून गेले होते, तसेच लोक पुन्हा निघाले. फरक इतकाच, की मुले आईबरोबर गेली. बहुतेक घरांतील कर्ते पुरुष नोकरी-धंद्यासाठी शहरातच थांबले. सारा भार पडला तो ओळखीवर आणि माणुसकीवर.

रेवसच्या वाटेने

आमचे आजोबा मूळजी जेठा मार्केटमधील एका कापडाच्या पेढीवर मुनीम होते. आमचे मूळ गाव मारवाडात, गोडवाड भागात. परंतु गाड्या सैनिकांनी व पळणाऱ्या माणसांनी भरून वाहत होत्या आणि दोन लहान मुले व तान्हे बाळ घेऊन दादीमांनी एवढा प्रवास एकटीने करावा, हे शक्य नव्हते. रेवदंड्याचे एक वाडीवाले दरवर्षी दिवाळीपूर्वी नारळ-सुपारीचा हिशेब करण्यास मुंबईस येत आणि जाताना आजोबांच्या पेढीवरून घरच्यांसाठी लुगडी व धोतरजोड्या घेऊन जात. सारा गाव त्यांना 'तात्या' म्हणे. ओळख होती ती एवढीच, म्हणजे उधारीच्या खात्याची. आजोबांनी त्यांना एक कार्ड लिहिले. उत्तर चार दिवसांत आले, 'मंडळींस पाठवून द्यावे. पडवी रिकामी आहे.'

आज भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास रो-रो बोटीने मोटारीसकट जाता येते आणि अटल सेतूवरून उरणच्या बाजूस काही मिनिटांत उतरता येते. १९४२ साली या किनाऱ्यास आगगाडी नव्हती, एस.टी. नव्हती (ती १९४८ साली सुरू झाली). भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तेथून बैलगाडीने अलिबाग आणि पुढे खासगी सर्व्हिस मोटारीने रेवदंडा असा मार्ग होता. पेट्रोलची टंचाई असल्याने काही मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे लावलेल्या भट्टीत कोळसा पेटवून गाडी सुरू होण्यास वेळ लागे आणि चढ आला की उतारूंना खाली उतरावे लागे. भुआजी सांगतात की त्यांच्या सामानात कपड्यांच्या दोन वळकट्या, सिद्धचक्राचे छोटे यंत्र, एक जाते आणि पाणी गाळावयाचे तीन-चार छन्ने एवढेच होते. दादीमांनी मुंबईचे भांडीकुंडी सोडली, पण छन्ने सोडले नाहीत.

हा किनारा परक्यांना नवा नव्हता. चौल बंदराचे नाव प्राचीन ग्रीक प्रवासवृत्तांत आढळते. १४६९ साली रशियाचा प्रवासी अफानासी निकितिन येथेच उतरला. पोर्तुगिजांच्या काळी चौलचे रेशमी कापड परदेशी जात असे, हे आम्हा कापडवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावे. बेने इस्रायल ज्यू बांधव शतकानुशतके याच भागात राहिले आणि तेलाच्या धंद्यामुळे व शनिवारच्या विश्रांतीमुळे 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. खाडीपलीकडे सिद्दींचे जंजिरा संस्थान होते, तेथील राज्य निराळे आणि जकातही निराळी. येथील माणसाला परका माणूस पाहून दार लावून घेण्याची सवय कधीच नव्हती. त्यामुळे मुंबईहून आलेली मारवाडी बाई व तिची मुले हा कुतूहलाचा विषय झाली असेल. संशयाचा झाली नाही.

दोन चुली, एक विहीर

आजच्या पिढीस ही गोष्ट सोपी वाटेल. ती सोपी नव्हती. यजमानांचे घर मासे खाणारे. आपल्या घरात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. पहिल्या दिवशी दादीमांनी चूल पेटविलीच नाही. मुलांना खाखरे दिले आणि स्वतः उपवास केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या आईने, जिला सारे 'बाय' म्हणत, पडवीच्या टोकाला मातीची नवी चूल घालून दिली आणि नवी मडकी आणून ठेवली. 'आमच्या भांड्यांस तुमचा हात नको आणि तुमच्या चुलीस आमचा नको. मग झाले ना?' असे ती हसून म्हणाली. यात अपमान कोणाचाच झाला नाही. दोन्ही बायकांनी आपापला आचार सोडला नाही आणि एकमेकींचा आचार मोडलाही नाही.

पाणी मात्र एकाच विहिरीचे होते. वाडीत रहाट होता आणि त्याच पाण्यावर नारळी-पोफळी पोसल्या जात. दादीमा पाणी दुहेरी कापडातून गाळून घेत आणि छन्न्यात राहिलेले सूक्ष्म जीव पुन्हा त्याच विहिरीत, पाण्याच्या पातळीपर्यंत पोहरा सोडून, हलकेच सोडीत. प्रथम शेजारच्या बायका हे पाहण्यासाठी जमत. पुढे बायने स्वतःच्या घरीही पाणी गाळून भरण्यास सुरुवात केली. त्यामागील तत्त्व तिला कोणी सांगितले नव्हते. 'पोरांची पोटे दुखत नाहीत' हे तिचे कारण होते.

काही गोष्टी आपोआप जुळून आल्या. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर असतात. श्रावणात येथील बहुतेक घरे स्वतःहून मासे वर्ज्य करतात. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस त्यांचा गणपती येतो आणि तोच दिवस आपल्या मूर्तिपूजक श्वेतांबर परंपरेत संवत्सरीचा. त्या वर्षीच्या पर्युषणात सुकी मासळी वाळविण्याची मांडवी बायने आठ दिवस घराच्या दुसऱ्या अंगास हलविली. कोणी तशी विनंती केली नव्हती. संवत्सरीच्या दिवशी दादीमांनी सर्वप्रथम तिची क्षमा मागितली. ज्या भाषेत मागितली ती बायला समजली नाही, परंतु जोडलेले हात समजले.

ब्लॅकआउटचे नियम किनाऱ्यावरही होते. समुद्राच्या बाजूस उजेड दिसू नये म्हणून कंदील झाकावे लागत आणि रॉकेल तर मिळतच नसे. गावातील इतर घरांस अंधारात जेवण्याचा त्रास होई. आमच्या पडवीत सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपून चौविहाराचे पच्चक्खाण झालेले असे. तात्या विनोदाने म्हणत, 'या मारवाड्यांना युद्ध सुरू होणार हे आधीच ठाऊक होते!'

वडिलांस गावातील मराठी शाळेत घातले. त्यांचे शुद्ध मराठी, ज्याचा आम्हा भावंडांस पुढे अभिमान वाटे, ते त्या सात महिन्यांचे देणे. वर्गातील मुलांनी त्यांना पोहावयास आणि सुपारी सोलावयास शिकविले. वडिलांनी त्यांना घरी पाठ केलेली पावकी, निमकी, दिडकी आणि अडीचकी शिकविली. ज्या मुलांनी पुढे बाजारात दुकाने घातली, त्यांनी या पाढ्यांची आठवण वडिलांपाशी पन्नास वर्षांनंतरही काढल्याचे मी स्वतः ऐकले आहे.

भाव, भाडे आणि आपली कसोटी

स्मरणिकेत गोड आठवणीच लिहाव्यात, असा एक संकेत आहे. परंतु इतिहास म्हणून लिहावयाचे, तर सगळीच घरे तात्यांची नव्हती, हेही लिहिले पाहिजे. मुंबईची माणसे येऊ लागताच अनेक गावांत खोल्यांची भाडी चढली. शहरवाले पैसेवाले असतात या समजुतीने दुधापासून सरपणापर्यंत सारे महाग झाले. आणि ज्या समाजात आपण जन्मलो, तो व्यापारी समाज या काळात सर्वत्र निर्दोष राहिला, असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

परिस्थितीच तशी होती. ब्रह्मदेश गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईत धान्याचे रेशनिंग मे १९४३ मध्ये सुरू झाले. चांदीचे रुपये लोकांनी दडवून ठेवले म्हणून सरकारने १९४० सालीच एक रुपयाची नोट काढली होती. पुढे चिल्लरही नाहीशी झाली. दुकानदार सुट्या पैशांऐवजी चिठ्ठ्या देऊ लागले. धातू वाचविण्यासाठी १९४३ साली मध्ये भोक असलेला पैसा आला, तो आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या डब्यात पाहिला असेल.

कापडाची गोष्ट तर आमच्या धंद्याचीच. गिरण्यांचा मोठा माल लष्कराकडे जाऊ लागला. १९४३च्या मध्यापर्यंत कापडाचे भाव युद्धापूर्वीच्या चार-पाच पटींवर गेले. त्याच वर्षी जून महिन्यात सरकारने कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. गिरणीतून निघणाऱ्या कापडावर कमाल किरकोळ किंमत छापली जाऊ लागली आणि विक्रेत्यांस परवाना सक्तीचा झाला. गरिबांसाठी 'स्टँडर्ड क्लॉथ' नावाचे जाडेभरडे कापड आले. तरीही छापील किमतीचा शिक्का एका बाजूस आणि घेतलेली किंमत दुसऱ्या बाजूस, असा व्यवहार ठिकठिकाणी चालला. त्या काळी 'काळा बाजार' हा शब्द घरोघरी पोहोचला. एखाद्या आगरी वा कोळी घरातील बाईस वर्षाचे एक लुगडे मिळणे कठीण झाले असताना कोणाच्या तरी माळ्यावर ठाणांच्या थप्प्या पडून होत्या. अपरिग्रह हे व्रत आपण व्याख्यानात ऐकतो. त्याची खरी परीक्षा टंचाईच्या दिवसांत माळ्यावर होते.

या पार्श्वभूमीवर आमच्या घरातील एका नोंदीचा उल्लेख करतो. १९४२च्या दिवाळीनंतर, मुंबईवर काही पडत नाही असे दिसल्यावर, पुष्कळ कुटुंबांप्रमाणे दादीमा मुलांसह परत गेल्या. आजोबा न्यावयास आले, तेव्हा त्यांनी सात महिन्यांचे भाडे दरमहा पाच रुपयांप्रमाणे पुढे केले. तात्यांनी ते घेतले नाही. 'भ्यालेल्या माणसाकडून भाडे घ्यावयाचे नसते, शेटजी,' एवढेच ते म्हणाले. मुनीम असलेल्या आजोबांना हिशेब उघडा ठेवणे जमेना. त्यांनी संवत १९९९च्या वहीत तात्यांच्या नावे 'पडवीभाडे, रुपये ३५, देणे' अशी नोंद केली. पुढे ते हयात असेतोवर प्रत्येक दिवाळीस नव्या वहीत ती बाकी ओढली. मी बी.कॉम. झालो, तेव्हा वडिलांनी ती पाने माझ्यासमोर ठेवून विचारले, 'या देण्याचे तुझ्या शास्त्रात काय करतात?' मी म्हणालो, 'मुदत संपलेले देणे निर्लेखित करतात.' ते म्हणाले, 'कायद्याने मुदत संपते. आपल्या वहीत संपत नाही.'

बॉम्ब पडला नाही. संकट मात्र आले

मुंबईवर जपानी बॉम्ब अखेरपर्यंत पडला नाही. मुंबई हादरली ती निराळ्याच कारणाने. लिव्हरपूलजवळील बर्कनहेडहून निघालेले 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईस पोहोचले आणि व्हिक्टोरिया गोदीत उभे राहिले. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, सोन्याच्या विटा होत्या आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. कापसाची गाठ आतल्या आत कशी धुमसते, हे आमच्या धंद्यातील कोणीही सांगेल. १४ एप्रिल रोजी दुपारी जहाजात आग लागली. चारच्या सुमारास पहिला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. मृतांचा सरकारी आकडा सातशेहून अधिक होता. इतर अंदाज तेराशेपर्यंत जातात. आग विझविताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले. मांडवी व दाणाबंदर भागातील कोठारे आणि हजारो टन धान्य भस्मसात झाले. तेथे कच्छी जैन बांधवांच्या पेढ्या दाटीने होत्या. कित्येकांची पिढ्यांची मिळकत एका दुपारी गेली.

हा जपानी हल्ला होय, अशी अफवा तत्काळ पसरली. तो अपघात होता, हे चौकशीअंती स्पष्ट झाले. परंतु त्या रात्री चौकशीची वाट कोण पाहणार? मुंबईतून पुन्हा पळापळ सुरू झाली. आमच्या चाळीच्या खिडक्यांची तावदाने फुटली होती. दादीमा तिसऱ्या दिवशी मुलांसह पुन्हा रेवसला उतरल्या. या खेपेस कार्ड लिहावयासही वेळ मिळाला नव्हता. भुआजी सांगतात, बाय दारातच उभी होती. बंदरावर धुराचे डोंगर दिसल्यापासून तिने पडवी सारवून ठेवली होती.

या खेपेस कुटुंब परत गेले नाही. आजोबांनी परवाना काढून येथे कापडाचे छोटे दुकान घातले. मांजरपाट, पंचे, लुगडी आणि खण एवढाच माल. दुकानासाठी पहिली जागा तात्यांच्या चुलतभावाची होती आणि पहिली गिऱ्हाईके बायने आणली. आपल्या समाजातील आणखीही काही घरांचा या किनाऱ्यावरील मुक्काम असाच युद्धाच्या वर्षांत सुरू झाल्याचे मी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे.

वडील या संदर्भात आणखी एका घटनेची आठवण काढीत. युद्ध संपले, स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले आणि १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येस, भाऊच्या धक्क्याहून रेवसला येणारी 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. ज्या वाटेने माणसे जीव वाचवण्यासाठी आली होती, त्याच वाटेवर, युद्ध संपल्यावर, हा घाला पडला. किनाऱ्यावरील क्वचितच एखादे गाव असेल, जेथे त्या दिवशी कोणाच्या घरी दुःख आले नाही. वडील म्हणत, आपण ज्या दिशेकडे पाहत असतो त्या दिशेने संकट येईलच असे नाही. म्हणून माणसाने माणसाशी संबंध जोडून ठेवावेत. ते कोणत्याही दिशेच्या संकटात उपयोगी पडतात.

दानाची पाच नावे

आपल्या परंपरेत दानाचे पाच प्रकार सांगितले आहेत. अभयदान, सुपात्रदान, अनुकंपादान, उचितदान आणि कीर्तिदान. त्यांत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. भ्यालेल्या जीवास 'भिऊ नकोस' असे आपल्या कृतीने सांगणे, हे त्याचे स्वरूप. आपल्या संस्थांच्या भिंतींवर जे कोरले जाते, त्याने प्रेरणा मिळते आणि कार्यही उभे राहते, म्हणून त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु १९४२ साली या किनाऱ्यावर जे दान झाले, ते पहिल्या प्रकारचे होते. ते देणाऱ्यांपैकी अनेकांनी 'अभयदान' हा शब्द ऐकलाही नसेल. ते आपल्या धर्माचे नव्हते, जातीचे नव्हते आणि बहुतेक श्रीमंतही नव्हते. साधर्मिक भक्ती हे आपले भूषण आहे. परंतु आपल्यातील कित्येकांस उभे केले ते परधर्मीयांच्या अनुकंपेने, हे सत्य आपल्या इतिहासात आले नाही, तर तो इतिहास अपुरा राहील.

हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाही. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मुंबईतील माणसे पुन्हा एकदा गावाकडे निघाली. या वेळी भीती विमानांची नव्हती, रोगाची होती. अनेक गावांच्या वेशीवर काठ्या आडव्या घातल्या गेल्या. रोग संसर्गाचा होता, त्यामुळे त्या गावांना दोष देणे योग्य होणार नाही. तरीही शाळेच्या खोल्या उघडून, बाहेरच्या बाहेर जेवणाचे डबे पोहोचवून ज्यांनी माणसे जगविली, त्यांनी बायची चूलच पुन्हा मांडली, असे मला वाटते. पुढे ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. ज्या वाड्यांनी आपल्या पूर्वजांस सावली दिली, त्या उघड्या पडल्या. त्या वेळी ज्यांनी कौले, पत्रे व धान्य पोहोचविले, त्यांनी मदत केली असे आपण म्हणतो. आमच्या आजोबांच्या वहीच्या भाषेत ती ओढलेल्या बाकीची एक परतफेड होती.

आज काय करता येईल?

सुवर्णमहोत्सव हा समारंभाचा जसा काळ आहे, तसा हिशेबाचाही. म्हणून विश्वस्त मंडळापुढे व समाजबांधवांपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, आपल्या समाजातील आणि आपल्या शेजारच्या आगरी, कोळी, भंडारी, माळी, ब्राह्मण, मुस्लिम व बेने इस्रायल घरांतील ऐंशी वर्षांवरील व्यक्तींच्या आठवणी या वर्षात ध्वनिमुद्रित कराव्यात. आज प्रत्येक तरुणाच्या खिशातील मोबाईलवर हे होऊ शकते. आणखी पाच वर्षांनी विचारावयाचे म्हटले, तर सांगणारे कोणी उरणार नाही.

दुसरी, घरोघरी माळ्यावर पडलेल्या जुन्या वह्या रद्दीत देऊ नयेत. त्यांतील मोडी व महाजनी लिपीची पाने वाचणारे थोडे आहेत. तोपर्यंत त्यांची छायाचित्रे तरी घ्यावीत. कोणी कोणास संकटकाळी काय दिले, याचा पुरावा बहुधा अशाच पानांत असतो.

तिसरी, ट्रस्टच्या वास्तूतील दोन खोल्या आपत्तीच्या काळात कोणाही निराश्रितास, जात-धर्म न विचारता, विनामूल्य खुल्या राहतील असा ठराव व्हावा. पूर, वादळ, अपघात वा रुग्णाबरोबर आलेले परगावचे नातेवाईक, कोणीही असो. आणि त्या खोल्यांवर कोणाही एकाचे नाव न घालता एवढेच लिहावे, 'या किनाऱ्यावरील घरांनी आमच्या पूर्वजांस दिलेल्या आसऱ्याच्या स्मरणार्थ.'

पहिल्या खोलीच्या खर्चात तात्यांच्या नावे निघणारी ३५ रुपयांची बाकी, आजपर्यंतच्या व्याजासह, आमच्या कुटुंबाकडून जमा करून घ्यावी, अशी विनंती. व्याजाचा दर विश्वस्तांनी ठरवावा. आमच्याकडून घासाघीस होणार नाही.

जय जिनेंद्र!